धंदेवाईक मल्लाचा जमाखर्च

कुस्ती हा विषय व्याख्यानासाठी निवडला म्हणजे श्रोत्यांकडून येणारा पहिला प्रश्न आम्हांला आता पाठ झाला आहे. "मुंबईला त्या फ्री स्टाईल कुस्त्या होत असत, त्या खऱ्या होत्या की खोट्या?" प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा पिकल्या केसांचे असतात. रेवसच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून, ट्रामने वरळीकडे जाऊन वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग पाहिल्याची हकीकत त्यांनी आपल्या वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या तोंडून ऐकलेली असते, आणि त्या हकीकतीतले काही खोटे ठरू नये अशी त्यांची मनातून इच्छा असते. या प्रश्नाला आम्ही उत्तर देणारच आहोत, पण ते थोडे आडवळणाने द्यावे लागेल. कारण कुस्ती खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी पैलवानाच्या दुधाचे पैसे कोण देतो, हे पाहावे लागते. आजवर जे जे लोक कुस्तीवर बोलले ते डावांवर बोलले, पराक्रमावर बोलले, क्वचित ब्रह्मचर्यावरही बोलले. दुधाच्या बिलावर बोललेले आम्ही फारसे ऐकले नाहीत.

"धंदेवाईक" हा शब्द आपल्याकडे उगाचच बदनाम झाला आहे. वकील धंदा करतो, वैद्य धंदा करतो, कीर्तनकारही बिदागी घेतो, आणि त्यात आपल्याला वावगे वाटत नाही. पैलवानाने मात्र पैशासाठी लंगोट लावला की त्याचे पाणी उतरले असे आपण समजतो. वस्तुतः ज्याला आपण जत्रेतला पैलवान म्हणतो, तो शंभर टक्के धंदेवाईक असतो. तो कोणाचा नोकर नाही, कोणत्या संस्थेशी बांधलेला नाही. एक गाव झाले की दुसरे गाव, एक मैदान झाले की दुसरे मैदान, आणि प्रत्येक ठिकाणी जी जोड लागेल ती लढवावयाची. अमेरिकेत मोठ्या कुस्ती-कंपनीशी करार नसलेले असे मल्ल आजही आहेत. स्वतःच्या खर्चाने गावोगाव हिंडावयाचे, रात्रीच्या खेळाचे ठरलेले पैसे घ्यावयाचे, खेळ संपला की आपल्या नावाचे सदरे विकावयास दाराशी बसावयाचे, आणि पहाटे पुढच्या गावाची गाडी धरावयाची. तिकडे त्यांना स्वतंत्र फिरतीचे मल्ल म्हणतात. आमच्या मते ही फिरती महाराष्ट्राला फार जुनी आहे. फक्त तिला आपण जत्रा म्हणतो.

ही जत्रेची कुस्ती कशी ठरते हे घाटावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण आपण किनाऱ्यावरची मंडळी, तेव्हा थोडा विस्तार केलेला बरा. कार्तिक लागला की हंगाम सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की संपतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारखी, कुंडलसारखी, वारणानगरसारखी मैदाने अशी की तेथे नुसती कुस्ती लागली तरी पैलवानाचे नाव होते. सकाळी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. पूर्वी त्या रेवड्यांवर किंवा नारळावर होत, म्हणून अजूनही रेवडीची कुस्ती हा शब्द राहिला आहे. दुपार कलू लागली की शेकड्यांच्या कुस्त्या, मग हजारांच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची, म्हणजे पहिल्या क्रमांकाची. हलगी घुमत असते. एखादा जाणता निवेदक पैलवानाचे गाव, त्याची तालीम, त्याच्या वस्तादाचे नाव आणि त्याने पूर्वी कोणाला पाडले ते खड्या आवाजात सांगत असतो. जोड लावणारे पंच दोघांचे हात हातांत देऊन, दोघांना शेजारी शेजारी उभे करून, उंची आणि अंगलट पाहून ठरवतात. तेथे वजनाचा काटा नसतो.

या कुस्तीचा मुख्य नियम एकच. पाठ मातीला लागली पाहिजे. गुणांची बेरीज नाही, वेळेची घंटा बहुधा नाही. याला निकाली कुस्ती म्हणतात, आणि प्रेक्षकाला तीच हवी असते. दोघे नुसती खडाखडी करीत राहिले, एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरत राहिले, की लोक ओरडू लागतात. अखेर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, तेव्हा बक्षीस बहुधा निम्मे निम्मे होते. जिंकला तर पैलवान मैदानाला फेरी मारतो, आणि खूश झालेले लोक दहा, पन्नास, शंभराच्या नोटा त्याच्या हातात देतात. या फेरीला कोणी भीक म्हणेल तर आम्ही त्याच्याशी भांडू. शास्त्रीबोवांच्या ताटात दक्षिणा पडते ती भीक नव्हे, तशीच ही नव्हे.

आता जमाखर्चाकडे वळू. जो हिशेब पुढे मांडतो तो ढोबळ आहे, कोणा एका पैलवानाच्या वहीतून उतरलेला नाही. पण आजच्या बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणालाही तो पडताळून पाहता येईल. ऐंशी-नव्वद किलो वजनाचा, सकाळ-संध्याकाळ मेहनत करणारा जवान गडी धरा. दिवसाला तीन लिटर दूध, त्याचे सुमारे २०० रुपये. थंडाईला दीडशे ग्रॅम बदाम, १३५ रुपये. शंभर ग्रॅम तूप, ७० रुपये. अर्धा किलो मटण, ४०० रुपये. अंडी, फळे, भाकरी-डाळ मिळून आणखी १०० रुपये. म्हणजे दिवसाचे ९०० रुपये झाले, महिन्याचे २७ हजार, आणि वर्षाचे सव्वातीन लाखांच्या आसपास. यात तालमीतली राहणी, तेल, औषधपाणी धरलेले नाही. पावसाळ्यात कुस्त्या बंद असल्या तरी पोट बंद ठेवता येत नाही.

जमेची बाजू पाहा. कार्तिक ते वैशाख या सात महिन्यांत मधल्या फळीचा पैलवान आठवड्याला एक याप्रमाणे तीस कुस्त्या धरतो असे समजू. त्यांतल्या वीस तो मारतो असे समजू, म्हणजे आपण त्याला चांगला पैलवान मानतो आहोत. सरासरी बक्षीस पाच हजार धरले तर लाख रुपये होतात. प्रवासाचे पंधरा हजार वजा केले तर हातात पंचाऐंशी हजार. खर्च सव्वातीन लाख आणि उत्पन्न पंचाऐंशी हजार, अशा धंद्याला कोणती पतपेढी कर्ज देईल? आणि तरीही गावोगावच्या तालमी भरलेल्या आहेत. याचा अर्थ उरलेले दोन लाख चाळीस हजार दुसरे कोणी तरी देत आहे. बाप जमिनीचा तुकडा विकून देतो, थोरला भाऊ नोकरीतून देतो, गाव वर्गणी काढते, एखादा साखर कारखाना मानधन देतो. पैलवान शड्डू ठोकतो एकटा, पण त्याच्या मांडीत अशी पाच-पन्नास माणसांची मिळकत मुरलेली असते.

पूर्वी हा भार राजे उचलीत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना मल्लविनोदाचे प्रकरण घातले आहे. मल्लांच्या पायऱ्या, त्यांची मेहनत, त्यांना सरकारी कोठारातून द्यावयाचा आहार, सारे तेथे आहे. वीस वर्षांखालचा तो भविष्णू, म्हणजे होऊ घातलेला, आणि वीस ते तीस हा प्ररूढ, म्हणजे भरात आलेला. तिशीच्या पुढच्या मल्लासाठी तेथे उत्साहाचे शब्द नाहीत. आठशे नव्वद वर्षे झाली, पण हा तिशीचा आकडा काही फारसा हललेला नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोम येथील जुनी रंगभूमी पाहिली, आणि तसे काही आपल्या गावी असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. मध्ये मातीचा हौदा आणि भोवती उतरत्या पायऱ्या, अशी त्याची रचना असल्याने हजारो माणसे बसली तरी शेवटच्याला पैलवानाचा पाय कोठे आहे ते दिसते. महाराज पैलवान पदरी ठेवीत, तालमींना मदत करीत, आणि पंजाबचे मल्ल मुद्दाम बोलावून आपल्या पोरांना त्यांच्यासमोर उभे करीत. पंजाबात हीच गोष्ट पतियाळाचे महाराज करीत असत. राजाश्रयाचे कौतुक करावयाचे तर करावे, पण एक गोष्ट विसरू नये. आश्रित पैलवानाला हरण्याची भीती असे ती नावापुरती, उपाशी मरण्याची नसे. म्हणून तो मनमोकळा लढू शकत असे.

गामा पैलवानाचेच पाहा. १९१० साली तो लंडनला गेला. तेथे नाट्यगृहांतून तिकीट लावून कुस्त्या चालत आणि ठेंगणा म्हणून त्याला सुरुवातीला कोणी विचारीना. अखेर बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला त्याने पाडले, आणि १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची जोड लागली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पोटावर पडून राहिला. त्याला उलथविणे गामाला साधले नाही आणि उठून लढणे झिबिस्कोला परवडले नाही. पुन्हा १७ तारखेला कुस्ती ठेवली, तर झिबिस्को आलाच नाही. ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. पुढची थोड्यांना असते, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

त्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या कुस्तीचे रूप पालटले होते. खऱ्या कुस्त्या तासन् तास रेंगाळत, प्रेक्षक जांभया देत, तिकिटे खपत नसत. एड लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी १९२० नंतर एक युक्ती काढली. मल्ल आपल्या पदरी नोकरीला ठेवावयाचे, कुस्तीला वेळेची मर्यादा घालावयाची, भरपूर उड्या-आपटाआपटी करावयाची, आणि निकाल आधी ठरवून ठेवावयाचा. त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या वेन मन नावाच्या धिप्पाड गड्याला असेच विजेते करून ठेवले होते. १९२५ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात मनची जोड झिबिस्कोशी लागली. त्याने हरावयाचे असे ठरले होते. पण त्या रात्री म्हातारा झिबिस्को खरोखर लढला, आणि मनला कुस्ती मुळी येतच नसल्यामुळे त्याची पाठ वारंवार लागली. पंचांना निकाल देण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. अशी ही खोट्या कुस्तीत केलेली खरी कुस्ती! हाच झिबिस्को १९२८ साली पतियाळास आला, आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. दोन्ही विद्या जाणणारा हा मल्ल होता. कोणती कोठे चालते याची त्याला पुरती समज होती, आणि पतियाळाच्या मातीत दुसरी चालणार नाही हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

राजे गेले. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला, आणि १९६० साली तो वारला तेव्हा शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली होती. ज्याला आयुष्यात कोणी पाडले नाही त्याला औषधाच्या खर्चाने पाडले. इकडे महाराष्ट्रात मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली कुस्तीगीर परिषद स्थापन केली. १९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मानाच्या गदेची व्यवस्था झाली. दुधाची व्यवस्था ज्याची त्याने पाहावयाची होती.

या काळातली सर्वांत बोलकी गोष्ट खाशाबा जाधवांची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसे हवे होते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्याच्या खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. गोळेश्वरला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सारे आपण वाचतो. मिरवणूक संपल्यावर काय झाले? प्राचार्यांचे घर गहाणच होते. तेव्हा खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले, आणि त्या तिकिटांच्या पैशांतून ते घर सोडविले. ऑलिंपिक म्हणजे हौशी खेळाडूंचा मेळा, तेथे पैशाचे नाव काढावयाचे नाही, असा त्या काळचा कडक दंडक होता. त्या हौशी खेळाडूचे देणे अखेर धंदेवाईक मातीनेच फेडले. यापेक्षा अधिक स्वच्छ पैसा आम्ही तरी कल्पू शकत नाही. पुढे १९५५ साली ते पोलिस खात्यात लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

आता वरळीच्या स्टेडियमचा प्रश्न. दारासिंग हा अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा शेतकऱ्याचा मुलगा. १९४७ च्या सुमारास सिंगापूरला गेला, तेथे कुस्ती खेळू लागला, आणि परत आल्यावर १९५४ साली रुस्तम-ए-हिंद ठरला. १९५९ साली कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता झाला, आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझला त्याने पाडले. त्याचा जोडीदार म्हणा, प्रतिस्पर्धी म्हणा, किंग काँग. खरे नाव एमिल झाया, हंगेरियन रक्ताचा, अवाढव्य देहाचा. पडद्यावर येऊन लोकांना भिववणारा हा माणूस १९७० साली सिंगापूरला मोटार अपघातानंतर वारला. दारासिंग चित्रपटांत गेला, रामायणातला हनुमान झाला, राज्यसभेत बसला, आणि १९८३ साली दिल्लीला शेवटची कुस्ती करून त्याने लंगोट उतरविला. २०१२ साली मुंबईत त्याचे निधन झाले.

या पद्धतीच्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. हे आता गुपित राहिलेले नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगितले की आमचा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे. सत्याची उबळ आली म्हणून सांगितले नाही, तर खेळांवर लागणारी सरकारी देखरेख आणि कर टळावा म्हणून सांगितले. आमचे म्हणणे असे की हाही जमाखर्चच आहे. जो मल्ल वर्षाला तीस कुस्त्या करतो त्याला खरोखर लढणे परवडते. ज्याला दोनशे रात्री रिंगणात उतरावे लागते त्याचा गुडघा एका महिन्यात जाईल. म्हणून दोघे मिळून एकमेकांचे शरीर राखतात आणि प्रेक्षकाला मात्र ते मोडल्याचा भास देतात. यातल्या आपटण्या खोट्या नसतात. फळीवर पाठ आदळते ती आदळतेच, आणि तसे पडावयास वर्षानुवर्षे शिकावे लागते. तेव्हा प्रश्नकर्त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे: आपल्या वडिलांनी पाहिलेले बळ खरे होते, अंग खरे होते, घाम खरा होता. निकालावर पैज लावली असेल, तर मात्र ती फसगत होती.

परंतु हे सांगून आम्ही मोकळे होणार नाही, कारण जत्रेच्या मातीलाही हा रोग लागतो. तेथे त्याला नुरा कुस्ती म्हणतात. दोन पैलवान आधीच भेटतात. "तू मला पाडू नकोस, मी तुला पाडत नाही, बरोबरीत सोडवू, बक्षीस वाटून घेऊ." लोक हुर्यो करतात, पंच दोघांना बाहेर काढतात, आणि दुसऱ्या दिवशी गावात त्यांच्या नावाने शिव्या असतात. आम्ही या प्रकाराचे समर्थन करीत नाही. त्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे, आणि अमेरिकेतल्या खेळासारखी ती उघड नसल्यामुळे अधिक वाईट आहे. मात्र वर मांडलेला हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. जिंकले तर पाच हजार, हरले तर नाव जाते. नाव गेले की पुढच्या मैदानाचे आमंत्रण जाते, पुढची जोड खालच्या दराची लागते. पैलवानापाशी विकण्यासारखी वस्तू एकच, त्याचे नाव, आणि ती त्याला दर आठवड्याला पणाला लावावी लागते. ज्या मैदानात हरणाऱ्याला प्रवासखर्चही मिळत नाही, त्या मैदानात बरोबरी अधिक होतात हे पाहण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

याउलट निकाली कुस्तीने काय होते तेही पाहावे. १९७७ साली बेळगावला हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचा सतपाल यांची जोड लागली. सतपाल हा गुरू हनुमान यांच्या तालमीतला, महाराष्ट्रातल्या मैदानांत दबदबा असलेला. बिराजदारांनी त्याला चीत केले. पन्नास वर्षे होत आली, तरी घाटावरची म्हातारी माणसे ती कुस्ती पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघा ओढून समजावून सांगतात.

मल्लाच्या उत्तरार्धाविषयी थोडे सांगून पुरे करू. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले, पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली. आंदळकर आणि माने दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. आंदळकर पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले आणि त्यांनी अनेक मल्ल घडविले. बिराजदारांनी पुण्यात तेच केले. हे झाले भाग्यवान. हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरींना सरकारी मानधन आहे, आणि २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या वेळी ते वाढविण्याची घोषणाही झाली. परंतु गदा दर वर्षी एकालाच मिळते. तीस कुस्त्यांतल्या वीस मारणारा जो मधला पैलवान आम्ही हिशेबाला घेतला, त्याच्या नावावर एकही गदा नसते. तिशी-पस्तिशीला तो मैदान सोडतो. भूक तशीच राहते, मेहनत थांबते, आणि दहा वर्षे दुधा-तुपावर पोसलेले अंग मग त्याच्याच गुडघ्यांवर बसते. शिक्षण सुटलेले असते. पोलिसांत, रेल्वेत, सैन्यात खेळाडूंच्या जागा आहेत, पण तेथे गादीवरच्या गुणांच्या कुस्तीची प्रमाणपत्रे लागतात. मातीत जिंकलेल्या वीस कुस्त्यांचा कागद कोणी देत नाही. चेपून गाठाळलेले कान एवढेच त्याचे प्रमाणपत्र असते.

आपला किनारा या नकाशात कोठे आहे? कोलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. पण नाव बदलले तरी भूगोल बदलत नाही. येथे पाऊस चार महिने ठाण मांडतो, हवेत दमटपणा असतो, आणि साखर कारखान्याचा आश्रय नाही. तरीही अलिबाग, पेण, उरणच्या आगरी-कोळी गावांतून भात निघाले की मोकळ्या खाचरांत आखाडे भरतात, आणि चैत्र-वैशाखात गावदेवीच्या जत्रांना कुस्त्या लागतात. मिठागरात टोपली उचललेल्या आणि होडी ओढलेल्या खांद्यांत जोर कमी नसतो. कमी असते ती तालीम. ज्या पोराला पुढे जावयाचे त्याला कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते, आणि तेथे तो गेला की महिन्याच्या २७ हजारांचा हिशेब त्याच्या बापाच्या दारात येऊन उभा राहतो. बाप मासेमारीवर जाणारा असेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची होडी किनाऱ्यावरच असते. म्हणजे पैलवानाची आणि त्याच्या बापाची बेकारी एकाच पावसात येते.

आम्ही गेल्या काही वर्षांत जत्रांची हस्तपत्रके जमवीत असतो. त्यांवर देवीचे चित्र असते, स्वागतोत्सुक मंडळींची नावे असतात, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" पहिले बक्षीस किती आणि मानाची गदा कोणाकडून, हे ठळक अक्षरांत असते. घाटावरून येणारा पैलवान आदल्या रात्री वडखळ नाक्यावर एस. टी. तून उतरतो, पिशवीत लंगोट आणि डब्यात भिजवलेले बदाम घेऊन. काही थोड्या पत्रकांवर, अगदी तळाशी, बारीक टाइपात एक ओळ सापडते: बाहेरगावच्या पैलवानांना जाण्या-येण्याचे भाडे व जेवण मिळेल. हरणाऱ्यालाही मिळेल काय, हे त्यात लिहिलेले नसते. एका गावच्या समितीच्या चिटणीसांना आम्ही ते विचारले. ते थोडा वेळ थांबले, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी घालतो तशी ओळ." पुढच्या वर्षीचे पत्रक आले, तेव्हा ती ओळ त्यात होती.